‘लिच’चा माग: एका मेलेल्या इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती कशी शोधावी

संगणकावर खेळणाऱ्या माझ्या भाच्यानं एकदा विचारलं, “मामा, लिच हा शब्द आला कुठून?” त्याच्या खेळात लिच म्हणजे मंत्रतंत्रानं मरण टाळलेला, सांगाड्याच्या रूपात वावरणारा मांत्रिक. अर्थ त्याला ठाऊक होता, मूळ हवं होतं. मी शोधायला बसलो आणि या एका शब्दात कित्येक संध्याकाळी गेल्या. हाती लागलं ते असं: हा शब्द इंग्रजीत एकटा वापरला जाणं शतकांपूर्वीच जवळजवळ थांबलं, तरी इंग्रजी बोलणारा माणूस त्याचे तुकडे दर दोन-चार वाक्यांत उच्चारत असतो. ‘लाइक’, ‘विच’ (कोणता), ‘सच’ (तसा), ‘ईच’ (प्रत्येक) आणि ‘फ्रेंडली’मधला शेवटचा ‘ली’, या सगळ्यांच्या पोटात लिच आहे.

हे अंदाजानं सापडत नाही. त्यासाठी ठरावीक क्रमानं जावं लागतं. तो क्रम इथं मांडतो आहे. उदाहरण लिचचं असलं तरी जर्मानिक मुळाच्या कुठल्याही इंग्रजी शब्दाला हीच वाट चालेल. जर्मानिक म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक आणि आज नामशेष झालेली गॉथिक ही एका घरातली भाषा-भावंडं.

१. शब्दाची सगळी रूपं वहीत उतरवा

मूळ शोधण्याआधी शब्द नीट गोळा करायचा. लिचची तीन रूपं भेटतात: एल-आय-सी-एच, त्यातच आयऐवजी वाय घातलेलं दुसरं, आणि उत्तर इंग्लंडमधलं ‘लाइक’, म्हणजे एल-वाय-के-ई. स्पेलिंगातला हा फरक किरकोळ समजू नका. ‘च’ आणि ‘क’ची ही जोडी पुढं आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

मग सामासिक शब्द. मरायला टेकलेला शब्द समासाच्या आधारानं टिकतो, म्हणून ही यादी सगळ्यांत महत्त्वाची. ‘लिचगेट’ म्हणजे इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवाराचं छप्पर असलेलं फाटक. खांदेकरी शवपेटी घेऊन तिथं थांबत आणि धर्मगुरू सामोरा येई. ‘लिच वे’ म्हणजे डार्टमूरच्या माळरानावरून लिडफर्डच्या चर्चकडे जाणारी प्रेतवाट. ही वाट इतकी लांब आणि अवघड होती की १२६० साली एक्झिटरच्या बिशपनं काही दूरच्या वस्त्यांना जवळच्या वाइडकम गावी दफन करायची मुभा दिली. ‘लाइक-वेक’ म्हणजे रात्रभर प्रेताजवळ जागणं. ‘लिच-आउल’ हे घुबडाचं एक नाव, कारण त्याचं ओरडणं मरणाची सूचना मानत. आपल्याकडं घुबडाबद्दल काय म्हणतात ते वेगळं सांगायला नको.

चारही समासांत अर्थ एकच निघतो: प्रेत. खेळातला मांत्रिक फार अलीकडचा. १९३० च्या दशकात क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ या अमेरिकी लेखकानं भयकथांत हा जुना शब्द प्रेत याच अर्थानं पुन्हा वापरात आणला, आणि १९७५ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पुरवणीत तो मांत्रिक-राक्षसाचं नाव म्हणून आला. तिथून तो संगणकाच्या पडद्यावर पोचला.

२. सारखे दिसणारे शब्द बाजूला काढा

पहिला मोह इथं होतो. लिचसारखे दिसणारे शब्द इंग्रजीत बरेच आहेत आणि त्यांपैकी कुणाशीच त्याचं नातं नाही. ‘लीच’ म्हणजे जळू, तो वैद्य या अर्थाच्या जुन्या शब्दात मिसळून गेलेला. ‘लायकेन’ म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल, हा शब्द ग्रीक. ‘लिची’ हे फळ चिनी नाव घेऊन आलेलं. ‘लिक’ म्हणजे चाटणं, हा जर्मानिकच आहे आणि आपल्या ‘लिह्’ धातूचा सख्खा नातलग. च्यवनप्राशाला अवलेह म्हणतात त्यातला लेह तो हाच. पण लिचशी त्याचाही संबंध नाही.

ही चाळणी लावल्याशिवाय पुढं जाऊ नका. आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं धरणारे लेख मराठीत रोज लिहिले जातात. मनापासून लिहिलेले असतात, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

३. जुन्यात जुनी नोंद गाठा

आता तारखेनं मागं जायचं. इंग्रजीचे ढोबळ तीन कालखंड धरा: साधारण ११०० पर्यंत जुनी इंग्रजी, १५०० पर्यंत मध्य इंग्रजी, मग आधुनिक. मध्य इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा कोश आणि जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ-टोलर हा कोश, दोन्ही महाजालावर फुकट बघता येतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाला वर्गणी लागते, पण विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो बहुधा उघडता येतो. या कोशात प्रत्येक अर्थाखाली वाक्यं तारीखवार लावलेली असतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चाललेला संस्कृतचा महाकोश याच तत्त्वावर उभा आहे. कोशातली पहिली तारीख म्हणजे शब्दाचा जन्मदिवस नव्हे, ती हाती लागलेली पहिली लेखी खूण.

जुन्या इंग्रजीत आपला शब्द ‘लीच’ असा उच्चारत, ई दीर्घ (वरचा जळूवाला लीच वेगळा). आणि त्याचा अर्थ फक्त प्रेत नव्हता. देह, जिवंत किंवा मेलेला, कुठलाही. ‘बेओवुल्फ’ या जुन्या काव्यात ग्रेंडेल नावाच्या राक्षसाचा खांदा निखळतो तेव्हा त्याला झालेल्या वेदनेसाठी लीच आणि ‘सार’ म्हणजे दुखणं यांचा समास येतो, ‘देहपीडा’. राक्षस तेव्हा जिवंत आहे. एवढ्या एका जागेवरून प्रेत हा अर्थ नंतर आवळत गेलेला आहे हे कळतं. शब्दाचं आणखी एक रूप होतं, ‘लीचहामा’. हामा म्हणजे आवरण, पांघरूण. देह हे आतल्या जीवाचं वस्त्र, ही कल्पना आपल्याला परकी नाही.

४. भावंडं विचारा

जुनी इंग्रजी संपली की बाकीच्या घरात जायचं. जर्मनमध्ये ‘लाइश’ या उच्चाराजवळचा शब्द म्हणजे प्रेत. डचमध्ये ‘लैक’, स्वीडिश व नॉर्वेजियनमध्ये ‘लीक’, अर्थ तोच. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपनं गॉथिकमध्ये बायबल उतरवलं, त्यात ‘लीक’ म्हणजे देह. डचमधला ‘लिखाम’ आणि आइसलँडिकमधला ‘लीकामी’ आजही जिवंत देहाला लावतात, आणि हे दोन्ही त्या देहवस्त्राच्या समासाचे वंशज.

एवढी भावंडं एकाच अर्थाभोवती दिसली की शब्द उसना नाही, घरचा आहे असं म्हणायला आधार मिळतो. पण अजून पुरावा पुरा झालेला नाही.

५. ध्वनिनियमावर घासून बघा

इथं वेळ द्या. व्युत्पत्ती आणि गप्पा यांच्यातला फरक या पायरीवर ठरतो.

दोन भाषांतले शब्द नात्यातले असतील तर त्यांच्यातला ध्वनीचा फरक एकदाच दिसत नाही, पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीनं दिसतो. १८१८ साली रास्मुस रास्क या डॅनिश अभ्यासकानं आणि १८२२ साली याकोब ग्रिम यानं हे जर्मानिक भाषांपुरतं दाखवून दिलं. मराठी माणसाला ते ताडून पाहायला घरचंच भांडवल आहे. संस्कृतचा ‘प’ तिथं ‘फ’ होतो: पाद आणि फुट, पितृ आणि फादर. ‘द’चा ‘ट’ होतो: दंत आणि टूथ, द्वि आणि टू. ‘ग’चा ‘क’ होतो: गो आणि काउ. ‘भ’चा ‘ब’: भ्रातृ आणि ब्रदर. कधी कधी नियम मोडल्यासारखा वाटतो. पितृ आणि भ्रातृ दोन्हींत ‘त’ आहे, मग जर्मनमध्ये ‘फाटर’ला ट आणि ‘ब्रूडर’ला ड का? कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकानं १८७७ साली छापलेल्या लेखात याचं उत्तर दिलं, आणि ते वेदातल्या स्वरांत होतं. वैदिक उच्चारात पितृचा आघात दुसऱ्या अक्षरावर, भ्रातृचा पहिल्यावर. आघाताची जागा वेगळी म्हणून व्यंजन वेगळं झालं. वेदपाठ करणाऱ्यांनी उदात्त-अनुदात्त जपले म्हणून युरोपातल्या शब्दांची गाठ सुटली, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

आता आपला शब्द. इंग्रजीत ‘च’ किंवा ‘क’, जर्मनमध्ये ‘श’सारखा घर्षक ध्वनी, डचमध्ये ‘क’. हा साचा आणखी कुठं दिसतो का? दिसतो, आणि हुबेहूब. इंग्रजी ‘डिच’ म्हणजे चर, त्याचंच दुसरं रूप ‘डाइक’ म्हणजे बांध. जर्मन ‘टाइश’ म्हणजे तळं, डच ‘डैक’ म्हणजे समुद्र अडवणारा बांध. लिच–लाइक–लाइश–लैक यांच्याशेजारी डिच–डाइक–टाइश–डैक लिहून पाहा. ‘रिच’चंही तेच: जर्मन ‘राइश’, डच ‘रैक’. (हा शब्द जर्मानिक लोकांनी फार पूर्वी केल्टिक शेजाऱ्यांकडून घेतला, आणि त्याचं मूळ आपल्या ‘राजन्’शी जुळतं.)

‘च’ आणि ‘क’ दोन्ही का? दक्षिण इंग्लंडात ‘ई’नंतरचा ‘क’ मऊ होऊन ‘च’ झाला. उत्तरेत नवव्या शतकापासून नॉर्स, म्हणजे जुनी स्कँडिनेव्हियन भाषा, बोलणारे लोक वसले होते, तिथं ‘क’ टिकला. म्हणूनच इंग्लंडात ‘चर्च’ आणि स्कॉटलंडात ‘कर्क’. राहिला स्वर. दीर्घ ‘ई’चा इंग्रजी, जर्मन आणि डच तिन्हींत पुढं ‘आइ’सारखा उच्चार झाला, पण लिच आणि डिचमध्ये ती ई आधीच ऱ्हस्व झाली असल्यानं वाचली.

सगळे तुकडे बसले. यावरून मूळ जर्मानिक रूप ‘लीकन’सारखं होतं असं मांडतात आणि त्याच्या डोक्यावर तारा देतात. तारा म्हणजे हे रूप कुठं लिहिलेलं सापडलेलं नाही, हिशेबानं काढलेलं आहे. तुमच्या वहीतही तो तारा द्यायला विसरू नका. जर्मानिक घराबाहेर लिथुआनियनमधल्या ‘समान’ या अर्थाच्या ‘लीगुस’शी त्याची सांगड घालतात, पण कोशकार ती शंकाचिन्हासह देतात. आपणही तसंच लिहावं.

६. अर्थ कसा सरकला ते सांगा

देह या अर्थाचा शब्द प्रेतापुरता का उरला? याला अर्थसंकोच म्हणतात. इंग्रजीत जिवंत देहासाठी ‘बॉडी’ पुढं सरसावला, जर्मनमध्ये लॅटिनवरून आलेला ‘क्योर्पर’. जुन्या शब्दाकडं उरलं ते मेलेलं शरीर. मग इंग्रजीत फ्रेंचमधून ‘कॉर्प्स’ आला आणि लिचची तीही जागा गेली. गंमत अशी की कॉर्प्सचं लॅटिन मूळ ‘कॉर्पुस’ म्हणजे पुन्हा देहच. आणि आज पोलिसांना ‘बॉडी’ सापडते तेव्हा ती जिवंत नसते. तीन शब्द, तिघांचा उतार एकाच दिशेला.

मराठीत याचा जोडीदार शोधायला लांब जावं लागत नाही. संस्कृतात ‘कलेवर’ म्हणजे शरीर. मराठीत कलेवर म्हटलं की निष्प्राण धडच डोळ्यापुढं येतं. ‘प्रेत’ तर मुळात ‘पुढं गेलेला’, मग मराठीत तो मागं राहिलेला देह झाला. मरणाचं नाव थेट घ्यायला माणूस कचरतो, म्हणून साधा शब्द पुढं करतो, आणि काही पिढ्यांत मरण त्या साध्या शब्दालाच चिकटतं. अर्थाची अशी पायरी लिहिताना दुसऱ्या एखाद्या भाषेतला तसाच उतार दाखवता आला तर तुमचं म्हणणं पक्कं होतं.

७. जिवंत शब्दांच्या पोटात शोधा

बहुतेक लोक सहाव्या पायरीवर थांबतात. थांबू नका, खरा ठेवा इथं आहे.

देह म्हणजे आकार, रूप. ‘गे-लीच’ म्हणजे ‘सह-देही’, ज्याचं रूप दुसऱ्याशी मिळतं तो. पुढचा ‘गे’ झिजला आणि इंग्रजीत ‘लाइक’ म्हणजे सारखा हा शब्द उरला. जर्मनमध्ये तो अजून अखंड आहे: ‘ग्लाइश’. रूप जुळतं ते मनालाही जुळतं, म्हणून आवडणं या अर्थाचं ‘लाइक’ क्रियापदही याच मुळाचं. जुन्या इंग्रजीत ते ‘मी लाइक करतो’ असं चालत नसे. रचना होती ‘मला ते रुचतं’, म्हणजे आवडणारा माणूस चतुर्थीत, थेट आपल्या ‘मला आवडतं’सारखा. इंग्रजीनं ती रचना सोडून दिली, आपण धरून ठेवली आहे.

मग प्रत्यय. ‘मॅनली’ म्हणजे मूळात ‘पुरुषदेही’, पुरुषाच्या रूपाचा. ‘फ्रेंडली’ म्हणजे मित्ररूप. लीच झिजून ‘ली’ झाला. जर्मनमध्ये हा प्रत्यय ‘लिश’. डचमध्ये तर या प्रत्ययाचं आणि प्रेत या शब्दाचं स्पेलिंग आजही अक्षरशः एक आहे, उच्चार तेवढा वेगळा.

आणि आता सर्वनामं. ‘विच’ जुन्या इंग्रजीत ‘ह्विल्च’, त्याआधी ‘ह्वा-लीक’: कोणत्या देहाचा. ‘सच’ जुन्या इंग्रजीत ‘स्विल्च’: तशा देहाचा. ‘ईच’ म्हणजे ‘सदा समान’, आणि ‘एव्हरी’ म्हणजे ‘एव्हर’ला ‘ईच’ जोडून झिजलेलं रूप. विचमधला ‘च’ आणि लिचमधला ‘च’ एकच आहे.

हे वाचून विलक्षण वाटेल, पण आपणही अगदी हेच केलं आहे. फक्त आपण देहाऐवजी ‘दृश्’ धरला, म्हणजे दिसणं. कीदृश, ‘कोणत्या दिसण्याचा’, त्याचा प्राकृतातून कैसा झाला आणि मग कसा. तादृशचा तैसा, मग तसा. यादृशचा जैसा, जसा. ईदृशचा ऐसा, असा. आणि ‘लाइक’साठी आपण जो शब्द वापरतो तो ‘सारखा’ आला आहे ‘सदृक्ष’पासून, ‘एकाच दिसण्याचा’. कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्ति कोश आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश काढून हे ताडून पाहा. टर्नरचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. दोन दूरच्या भाषाघरांनी एकमेकांना न विचारता ‘कसा’ हा शब्द एकाच युक्तीनं घडवला.

८. गोड गोष्टींवर शेवटी शंका घ्या

इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये लिचफील्ड नावाचं गाव आहे. लिच म्हणजे प्रेत, फील्ड म्हणजे शेत, म्हणजे प्रेतांचं शेत. स्थानिक कथाही तयार आहे: रोमन सम्राट डायोक्लिशनच्या काळात तिथं ख्रिस्ती हुतात्म्यांची कत्तल झाली. शहराच्या जुन्या मुद्रेवर तुकडे झालेले देह कोरलेले आहेत. या गावी १७०९ साली जन्मलेल्या सॅम्युएल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशात लिच शब्दाखाली हीच व्युत्पत्ती दिली. मीही काही दिवस ती खरी धरून चाललो होतो.

ती चूक आहे. रोमन काळात शेजारच्या वस्तीचं नाव होतं लेटोसेटुम, आणि ते ब्रिटनच्या जुन्या केल्टिक भाषेत ‘करडं रान’. आज वेल्शमध्ये ‘कोइद’ म्हणजे रान, तो त्यातला दुसरा तुकडा. आठव्या शतकात बीड हा मठवासी गावाचं नाव लिहितो त्यात लिचनंतर एक ‘द’ ऐकू येतो. तो त्या रानाचा उरलेला अवशेष. नव्यानं आलेल्या लोकांना जुनं नाव कळेना, म्हणून त्यांनी ते आपल्या ओळखीच्या शब्दात ओतलं आणि नंतर नावाला शोभेल अशी कथा जन्मली. ही लोकव्युत्पत्ती. गावांच्या नावांच्या बाबतीत हिचा धोका सर्वांत जास्त. उपाय एकच: नावाचं जुन्यात जुनं लेखी रूप बघायचं. आजच्या रूपावर एक अक्षरही उभारायचं नाही.

९. नोंद लिहा आणि दुसरा शब्द घ्या

शेवटी सगळं चार-पाच ओळींत बसवा: आजचं रूप व अर्थ, जुन्या इंग्रजीतलं रूप, भावंडं, तारांकित मूळ, अर्थाचा उतार, नात्यात नसलेले शब्द. खात्रीचं आणि तर्काचं वेगळ्या शाईनं लिहा. मी निळी आणि लाल वापरतो.

भाच्याला मी लिच समजावला तेव्हा त्यानं लगेच दुसरा शब्द पुढं टाकला: ‘वेअरवुल्फ’, रात्री लांडगा होणारा माणूस. तुम्हीही सरावाला हाच घ्या. दोन तुकडे करा. ‘वेअर’ जुन्या इंग्रजीत पुरुष, लॅटिनमध्ये ‘विर’, आणि संस्कृतात ‘वीर’. ‘वुल्फ’ संस्कृतात ‘वृक’, वृकोदर भीमाच्या नावातला. शब्दाच्या दोन्ही पायांना घरचे जोडीदार मिळाले. फक्त वृकमधल्या ‘क’च्या जागी नियमानं ‘ह्व’सारखा ध्वनी यायला हवा होता, आणि आलाय ‘फ’. तो प्रश्न लाल शाईनं लिहून ठेवा आणि पाचव्या पायरीपासून सुरुवात करा.